टुंड्रात वणवे लागतात: पुण्यातल्या भूगोल शिक्षकांना खुलं पत्र

सहकारी शिक्षकांनो,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २१ वर्षं भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी नववीच्या घटक चाचणीत ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात मी एक विधान दिलं होतं: ‘टुंड्रा प्रदेशात वणवे लागत नाहीत.’ गुण ३. उत्तर तुम्हालाही पाठ असेल. वर्षातला बराच काळ बर्फ, उन्हाळा थोडक्या दिवसांचा आणि थंड, झाडं नाहीत, जमीन दलदलीची. मुलांनी तसंच लिहिलं आणि मी लाल पेनाने भराभर गुण देऊन टाकले. विधानच चुकीचं होतं. जी गोष्ट घडते, ती का घडत नाही याची कारणं मी अख्ख्या वर्गाकडून लिहून घेतली.

हे कळल्यावर सरावासाठी आमच्याकडे आलेल्या इतर शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या. दोन ठिकाणी तेच विधान सापडलं, शब्द थोडे इकडचे तिकडे. म्हणून हे पत्र खासगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुढच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढायला बसण्याआधी ते तुमच्यापर्यंत पोचावं, एवढी माझी इच्छा आहे.

आधी २००७ ची आग सांगते. अलास्काच्या उत्तरेला, ब्रुक्स पर्वतरांगेच्या पलीकडे अनाक्टुवुक नावाची नदी आहे. तिच्या भोवतालचा मुलूख म्हणजे झाडं नसलेला, गवताचा आणि शेवाळाचा अस्सल टुंड्रा. त्या वर्षीचा उन्हाळा तिथे नेहमीपेक्षा उबदार आणि कोरडा गेला. जुलैच्या मध्यावर वीज पडली आणि जमीन पेटली. बरेच दिवस आग नुसती धुमसत होती. सप्टेंबरात कोरडा वारा सुटला आणि ती झपाट्याने पसरली. विझली ती थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तोवर १,०३९ चौरस किलोमीटर टुंड्रा जळला होता. आपल्या पुणे महापालिकेची हद्द, नव्याने आत आलेली गावं धरूनही, याच्या निम्म्याच्या आसपास भरते. त्या भागातल्या तळ्यांच्या तळाशी साचलेला गाळ नंतर तपासला गेला. मागच्या पाच हजार वर्षांच्या थरांत अशा दुसऱ्या आगीचा कोळसा मिळाला नाही. घोड नदीकाठी इनामगावात पहिली घरं उभी राहिली, त्याच्याही हजारभर वर्षं आधीपासून तिथली जमीन जळलेली नव्हती.

सगळीकडचा टुंड्रा इतका आगीपासून लांब होता असं मात्र नाही. अलास्कातल्याच नोआटाक नदीच्या खोऱ्यात दीडशे-दोनशे-तीनशे वर्षांच्या अंतराने टुंड्रा जळत आला आहे. म्हणजे माझं विधान पूर्वीही पूर्ण खरं नव्हतं. आता तर ते उभंच राहू शकत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे जमीन पेटली, आणि ‘ग्रीनलंड’ म्हटलं की आपण मुलांना बर्फाची चादर दाखवतो. २० जून २०२० ला सायबेरियातल्या वर्खोयान्स्क गावी पारा ३८ अंश सेल्सिअसवर गेला. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या आत आहे. जूनच्या त्याच आठवड्यात आपण पुण्यात छत्र्या काढलेल्या असतात आणि तापमान तिशीच्या आसपास उतरलेलं असतं. जागतिक हवामान संघटनेने ती नोंद तपासून मान्य केली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सायबेरियाच्या वणव्यांचा धूर उत्तर ध्रुवावर पोचलेला उपग्रहांनी टिपला. २०२२ च्या जूनमध्ये अलास्काच्या नैर्ऋत्येला युकॉन नदीच्या त्रिभुज प्रदेशात टुंड्रा पेटला आणि सेंट मेरीज गावातल्या माणसांना घरं सोडावी लागली.

या सगळ्यामागे एक आकडा आहे, तो फळ्यावर लिहावा असा आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. बर्फ लवकर वितळतो, शेवाळाला आणि वाळक्या पानांना सुकायला जास्त दिवस मिळतात, आणि तापलेल्या हवेत गडगडाटी ढग वाढले की ठिणगीही आकाशातूनच येते. माणसाने काडी टाकायची गरज उरत नाही.

जमिनीच्या आत काय होतं, ते मुलांना कसं सांगायचं याचा मी बरेच दिवस विचार करत होते. शेवटी रसवंतीगृहापाशी उत्तर मिळालं. बर्फाची लादी येते तेव्हा तिच्यावर लाकडाचा भुसा असतो, वरून गोणपाट गुंडाळलेलं असतं. एप्रिलच्या उन्हात ती लादी संध्याकाळपर्यंत टिकते. गोणपाट काढून ठेवा, दुपारपर्यंत पाणी. टुंड्रात खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन असते. तिच्यावर शेवाळ, मुळं आणि अर्धवट कुजलेल्या पानांचा जो जाडसर थर असतो, तो म्हणजे हा भुसा आणि हे गोणपाट. उन्हाळ्यात वरची वीत-दोन वीत माती काय ती सुटते, तिच्यातच सगळ्या वनस्पतींची मुळं. आग हे गोणपाट जाळते. वर उरते काळी जमीन, जी ऊन आणखी शोषते. मग खालची लादी वितळू लागते.

अनाक्टुवुकच्या आगीत वरचा सरासरी सहा सेंटीमीटर थर जळाला. फूटपट्टीवर सहा सेंटीमीटर मोजून बघा, बोटभरच तर अंतर आहे. पण तेवढ्यातून सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. अख्ख्या आर्क्टिकमधला टुंड्रा वर्षभरात जेवढा कार्बन हवेतून ओढून घेत आला होता, जवळपास तेवढा, एका आगीत. आणि आग विझल्यावरही गोष्ट संपली नाही. जमिनीत पाचरीसारखा अडकलेला बर्फ वितळत गेला आणि वरची जमीन खचू लागली. २००९ आणि २०१४ मध्ये विमानातून लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजली. मोजलेल्या जळक्या टुंड्रातला ३४ टक्के भाग खचलेला निघाला. तशाच पण न जळलेल्या टुंड्रात हे प्रमाण एक टक्काही नव्हतं.

कधीकधी आग विझतच नाही. बर्फाखाली, कुजलेल्या पानांच्या थरात ती हिवाळाभर धुमसते आणि वसंतात पुन्हा वर येते. तुमच्यापैकी ज्यांनी गावाकडे आजीला रात्री चुलीतला गोवरीचा निखारा राखेत झाकून ठेवताना आणि पहाटे फुंकर घालून तोच पेटवताना पाहिलं असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता वनस्पतींकडे येते. हे पत्र खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं.

अनाक्टुवुकची जळलेली जमीन चार-पाच वर्षांत पुन्हा हिरवी दिसू लागली. उपग्रहाच्या चित्रात ती आजूबाजूच्या जमिनीसारखीच दिसत होती. हे ऐकून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मीही टाकला होता. पण ते हिरवं कशाचं होतं? बहुतेक सगळं कापूसगवताचं आणि आगीनंतर बुंध्यातून फुटणाऱ्या झुडपांचं. कापूसगवत घट्ट ठोंब करून वाढतं. त्याचे कोंब ठोंबाच्या पोटात, जुन्या पानांच्या बुडख्यांच्या अनेक पदरांआड सुरक्षित असतात. वरून सगळं काळं झालं तरी आतला कोंब जिवंत राहतो. आगीनंतर राखेतलं खत आणि मोकळं ऊन मिळालं की ते जोमाने फुलतं, पांढऱ्या कापसाच्या बोंडांनी रान भरून जातं. दगडफुलाला असा कोंब नसतो. शेवाळाचा जाड गालिचाही परत यायला फार वेळ घेतो.

दगडफूल हा शब्द आपण वर्गात उच्चारतो आणि पुढे जातो. मी यंदा घरातल्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल वर्गात नेलं. गोडा मसाला घरी करणाऱ्यांना ते ओळखीचं आहे: एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळं, कडा कुरळ्या, हातात घेतलं तर वाळक्या कागदासारखं हलकं, आणि तेलात परतेपर्यंत वासाचा पत्ता नाही. एकेका बाकावर एकेक तुकडा दिला. सांगितलं की ही एक वनस्पती नाही, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. याला मुळं नाहीत, जमिनीत साठवलेलं काही नाही. हवेतून आणि पावसातून मिळेल त्यावर जगतं. टुंड्रातलं रेनडिअर खातं ते दगडफूल दिसायला वेगळं असतं, पांढुरकं, बारीक फांद्यांचं, पोवळ्यासारखं. पण तोही बुरशी आणि शैवाल यांचा असाच संसार. वर्षाला ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर वाढतं. मुलांनी फूटपट्ट्या काढल्या आणि गणित केलं: वीतभर व्हायला किती वर्षं? एका मुलीने तुकडा नाकाशी धरून विचारलं, “बाई, हे जळलं तर काय उरतं?” मी म्हटलं, काही नाही. राख.

अलास्काच्या सिवर्ड द्वीपकल्पावर १९७७ मध्ये एक डोंगरउतार जळाला होता. शास्त्रज्ञ त्याच उतारावर पुन्हा पुन्हा गेले. २४ वर्षांनी तिथे गवत होतं, वाळुंजाच्या जातीची झुडपं पूर्वीपेक्षा जास्त होती, आणि दगडफूल जवळजवळ नव्हतं. आग लागली त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर नोकरीला लागलं असेल. हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून दगडफूल शोधणाऱ्या रेनडिअरच्या कळपाला, तिकडे ज्याला कॅरिबू म्हणतात, त्या उतारावरचं हिरवं काय कामाचं? आणि त्या कळपावर ज्यांचं पोट आहे, त्या इनुपियाक लोकांना?

झुडपांचंही सांगायला हवं. ऊब वाढल्यामुळे टुंड्रात खुरटा भूर्ज, वाळुंज, अल्डर अशी झुडपं आग नसतानाही पसरताहेत. आग त्यांना मोकळी, उघडी माती करून देते, बी रुजायला जागा मिळते. झुडूप उन्हाळ्यात सावली देतं, त्याने माती थोडी गार राहते. पण हिवाळ्यात तेच झुडूप वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतं, त्या बर्फाची जाड गोधडी जमिनीवर पडते आणि खालची थंडी जमिनीत उतरत नाही. वसंतात त्याच्या काळसर फांद्या बर्फावर डोकं काढून ऊन शोषतात. शिवाय झुडूप म्हणजे जास्त लाकूड, पुढच्या आगीला जास्त सरपण. एक आग दुसरीची तयारी करून जाते ती अशी.

पर्माफ्रॉस्टमध्ये जगभर मिळून सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन अडकलेला आहे, आज हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट. समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ च्या आर्क्टिक अहवालात म्हटलं की वणवे हिशेबात धरले तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिलेला नाही, सोडणारा झाला आहे. ‘टुंड्रा: मानवी जीवनावर फारसा परिणाम न करणारा प्रदेश’ अशा अर्थाचं काहीही आपण यापुढे फळ्यावर लिहू नये.

आणि आता आपल्या टेकड्या. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, कात्रजचा घाट, सिंहगडाचा उतार. फेब्रुवारी ते मे यांतल्या कुठल्याही आठवड्यात यांपैकी कुठेतरी वणवा लागलेला असतो. कोणी विडी टाकतं, कोणी कचरा पेटवतं, कोणी मुद्दाम लावतं, गवत चांगलं येईल म्हणून. सकाळी फिरायला जाणारी माणसं काळ्या उताराकडे बघून म्हणतात, “गवतच तर आहे, पावसात पुन्हा येईल.” येतं की. जुलैत तोच उतार असा हिरवागार होतो की मार्चमध्ये इथे काही जळलं होतं हे सांगूनही पटत नाही.

मागच्या मार्चमध्ये वणव्यानंतर चार दिवसांनी मी टेकडीवर गेले होते. राखेत पांढरे ठिपके दिसत होते. जवळ जाऊन बघितलं तर गोगलगायींचे शंख, भाजून चुन्यासारखे झालेले, बोटाने दाबले तर चुरा होणारे. गणेराचं एक झाड पिवळ्या फुलांनी भरलेलं होतं आणि त्याचा बुंधा कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळा होता. कुसळीचा एक जळका ठोंब उपटला. बाहेरचे पदर कोळसा झालेले. नखाने एकेक पदर सोलत गेले, तर आत बोटाच्या पेराएवढा पांढरा-पोपटी कोंब, ओला. कापूसगवताबद्दल वाचलं होतं ते तेव्हा हातात आलं.

कुसळी तुम्हाला ठाऊक आहे, टेकडीवरून उतरताना पायमोज्यांत घुसते ती. तिचं कुसळ ओल लागली की पिळासारखं फिरतं आणि बी मातीत स्वतःला रोवून घेतं. आग वरून निघून जाते, बी खाली सुखरूप. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर म्हणूनच कुसळीचं फावतं. ज्या गवतांना हे जमत नाही ती मागे पडतात, आणि जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, चंडोल, रातवा यांना तर जूनची वाट बघायला वेळच नसतो. लांबून सगळं सारखंच हिरवं दिसतं.

आपली टेकडी म्हणजे टुंड्रा नव्हे, हे मला माहीत आहे. मुलांनाही तसं सांगू नका. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट आणि मुरूम, तिकडे गोठलेली माती. आपल्या गवताळ रानांची आगीशी ओळख जुनी आहे, तिथल्या बऱ्याच टुंड्राची नाही. आपल्याकडे जळतं ते बहुतेक जमिनीच्या वर असतं, तिकडे जमीनच जळते. पण पुण्यातल्या मुलाला, हिरवं परत आलं म्हणजे पूर्वीचं परत आलं असं नसतं, हे बघायला अलास्काला जावं लागत नाही. ते बसच्या एका तिकिटावर दिसतं. भूगोलाच्या शिक्षकाला याहून जास्त काय हवं?

एक शब्द मात्र आपण टाकून द्यावा असं मला मनापासून वाटतं: उजाड. टुंड्राला आपण उजाड म्हणतो, टेकडीलाही उजाड म्हणतो. उजाड म्हटलं की जळलं तरी हळहळ वाटत नाही, आणि मग तिथे भराभर वाढणारं काहीही लावलं तरी चालतं. टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी झाली ती याच समजुतीतून. त्याच्या सावलीत आपलं गवत उरत नाही, पण फोटोत हिरवं येतं. ज्या मुलाने दगडफुलाचा तुकडा हातात धरून ‘वर्षाला तीन मिलिमीटर’ हे गणित केलं आहे, ते मूल उजाड हा शब्द जपून वापरेल.

तुमच्याकडून मला जे हवं आहे ते फार अवघड नाही. तुमच्या प्रश्नसंचात ते विधान असेल तर खोडा. यंदा मी त्या जागी हे घातलं: ‘टुंड्रात वणव्यानंतर काही वर्षांत हिरवळ परतते, परंतु रेनडिअरचे अन्न परतत नाही.’ एका मुलाने उत्तरात कुसळीच्या ठोंबाची आकृती काढली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले. हे विधान वापरा, किंवा याहून चांगलं तयार करा आणि मलाही कळवा. टुंड्रा शिकवताना इग्लू आणि घसरगाडीवर एक तास जात असेल, तर त्यातली वीस मिनिटं बर्फाच्या लादीला आणि गोणपाटाला द्या. मसाल्याचं दगडफूल कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, पन्नास ग्रॅम सगळ्या वर्गाला पुरून उरतं.

आणि एक काम एकत्र करू या. वेताळ टेकडीवर मी दोन चौकोन ठरवले आहेत, प्रत्येकी एक मीटर लांब-रुंद, एक मार्चमध्ये जळालेल्या उतारावर आणि एक त्याच्या शेजारी न जळालेल्या. कोपऱ्यांवर दगड रचून खुणा केल्या आहेत. पहिला चांगला पाऊस झाल्यावर येणाऱ्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आठ-दहा मुलांना घेऊन तिथे जाणार आहे. चौकोनात किती प्रकारची रोपं उगवली, कुठली किती, एवढंच मोजायचं आणि वहीत लिहायचं. नावं आली नाहीत तरी चालेल, पानाचं चित्र काढायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. तुमच्या शाळेजवळ तळजाई असेल तर तळजाईवर करा, धायरीची मुलं सिंहगडाच्या पायथ्याशी करू शकतील. ज्यांना पहिल्यांदा सोबत यायचं आहे त्यांनी चार खुंट्या, पाच मीटर सुतळी आणि मुलांसाठी पाणी घेऊन या. जुन्या पायमोज्यांवरच या, कुसळी तोवर वाळलेली नसली तरी मागच्या वर्षीची कुसळं मातीत असतातच.

आपली सहकारी,
एक भूगोल शिक्षिका, पुणे